साधन जाते, वळण उरते



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मला पाचारण केल्याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या जुन्या टर्मिनलांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय यंत्र हा नसून लेखन हा आहे. साधन लेखनाला कसे वळण लावते, हा प्रश्न आमच्या विद्याशाखेला परका नाही.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला एक गोष्ट लवकर उमगते. ताडपत्राची पोथी आडवी व अरुंद असे, कारण ताडाचे पानच तसे. पाने ओवण्यासाठी त्यांना भोक पाडून दोरा घालीत. पुढे कागद आला. तो हव्या त्या आकारात कापता येतो; तरीही पोथी आडवीच राहिली. कित्येक जुन्या कागदी पोथ्यांत तर दोऱ्यासाठीची मधली जागाही कोरी सोडलेली आढळते. दोरा मात्र नसतो. साधन गेले, वळण उरले. संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या आज्ञावलीला, म्हणजे टेक्स्ट एडिटरला, हाच न्याय कसा लागू पडतो ते मला आज दाखवावयाचे आहे.

१९६३ साली बाजारात आलेले ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे दूरमुद्रण यंत्र पुढे संगणकाशी बोलण्याचे स्वस्त साधन ठरले. त्याला पडदा नव्हता. कागदाची गुंडाळी होती. सेकंदाला दहा अक्षरे, एका ओळीत बहात्तर, आणि सगळी रोमन मोठ्या लिपीतली. अठराशे अक्षरांचे एक पान पाहावयाचे तर तीन मिनिटे खडखडाट ऐकावा लागे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीसाठी ‘एड’ हा एडिटर लिहिला, तो अशा यंत्रांच्या काळात. म्हणून ‘एड’ मितभाषी आहे. मागितल्यावाचून तो मजकूर दाखवीत नाही. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या: छापण्यासाठी ‘पी’, खोडण्यासाठी ‘डी’. काही चुकले तर तो केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवितो. आज याला उद्धटपणा म्हणावेसे वाटते. त्या काळी ती काटकसर होती.

त्याच यंत्राची आणखी एक खूण पाहा. टाइपरायटर वापरलेल्यांना ठाऊक आहे की, ओळ संपली म्हणजे दोन कामे होतात: गाडा मूळ जागी नेणे आणि कागद एक ओळ सरकविणे. टेलिटाइपमध्ये या दोहोंसाठी दोन स्वतंत्र संकेत होते. आज ना गाडा उरला, ना कागद. तरीही विंडोज प्रणालीतील साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या अखेरीस ते दोन्ही संकेत लिहिले जातात. युनिक्सने त्यांतला एकच ठेवला.

कागदानंतर पडदा आला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलूरिस यांनी ‘एड’मध्ये सुधारणा करून पडद्याला साजेसा ‘एम’ हा एडिटर तयार केला. ‘मर्त्य जनांसाठी एडिटर’ असे त्याच्या नावाचे मिस्कील स्पष्टीकरण. १९७६ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पोहोचला आणि त्यापासून स्फूर्ती घेऊन बिल जॉय या विद्यार्थ्याने, आरंभी चक हेली यांच्यासमवेत, जे काम केले त्यातून ‘व्हीआय’ हा एडिटर जन्मला.

जॉय यांच्यापुढे ‘एडीएम-३ए’ हे टर्मिनल होते. त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. ‘एच, जे, के, एल’ या अक्षरांवरच डावा, खालचा, वरचा व उजवा बाण छापलेला होता. व्हीआयमध्ये पडद्यावर फिरण्यासाठी आजही हीच चार अक्षरे वापरतात. ‘एस्केप’ची कळ, जेथे आज ‘टॅब’ असते तेथे, करंगळीजवळ होती. म्हणून जॉय यांनी तिच्यावर इतके काम सोपविले. आज ती दूरच्या कोपऱ्यात गेली आहे आणि नवशिके कुरकुरतात. ‘होम’ हा शब्द आणि नागमोडी चिन्ह एकाच कळेवर होते. युनिक्समध्ये ते चिन्ह आजही वापरणाऱ्याच्या ‘घरा’चे, म्हणजे त्याच्या मूळ कप्प्याचे, निदर्शक आहे.

परंतु खरी अडचण वेगाची होती. जॉय दूरध्वनीच्या तारेवरून ३०० बॉडने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरांच्या गतीने, काम करीत. चोवीस ओळी आणि दर ओळीत ऐंशी अक्षरे असा पडदा घेतला तर १९२० अक्षरे होतात. तो पूर्ण रंगविण्यास चौसष्ट सेकंद लागतील. तेव्हा थोड्या खुणांत पुष्कळ सांगणारी भाषा हवी होती. व्हीआयमध्ये ‘डी’ हे क्रियापद, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द हे कर्म, आणि मध्ये ‘३’ हे संख्याविशेषण घातले की ‘तीन शब्द खोड’ असे वाक्य होते. व्याकरण शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला याचे कौतुक वाटल्यावाचून कसे राहील? येथे अडचणीने व्याकरणाला जन्म दिला.

अडचण वेगळी असती तर? त्याच १९७६ साली एमआयटी संस्थेत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील प्रभृतींनी ‘ईमॅक्स’ उभारला. तेथील पडदे झपाट्याने रंगत आणि कळफलकावर ‘कंट्रोल’, ‘मेटा’ अशा जादा कळा होत्या. म्हणून तेथे अक्षरे थेट उमटतात आणि आज्ञा त्या कळांच्या जोडीने दिल्या जातात. दोन्ही पक्षांचे अनुयायी आजही हिरिरीने वाद घालतात. त्या वादाच्या मुळाशी बऱ्याच अंशी दोन निरनिराळी टर्मिनले आहेत.

आता आपल्या लिपीकडे येतो. टेलिटाइपपासून टर्मिनलापर्यंत एक गृहीत कायम राहिले: प्रत्येक अक्षराला सारखाच चौकोन आणि भरणे डावीकडून उजवीकडे. रोमन लिपी त्यात सुखाने बसली. देवनागरीचे काय? ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, लेखनात आधी. ‘अर्क’मधला रफार आधी उच्चारला जातो आणि पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘स्त्री’त तर तीन व्यंजने एकत्र नांदतात. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये ‘जिस्ट’ म्हणून विकसित झालेल्या कामाने यावर तोड काढली: साठवण उच्चाराच्या क्रमाने करावी, आकृती यंत्राने जुळवावी. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात हेच तत्त्व आहे आणि युनिकोडने देवनागरीसाठी मुळात इस्कीच्याच मांडणीचा आधार घेतला. तरीही आजच्या कित्येक टर्मिनल-खिडक्यांत जोडाक्षरे विस्कटतात, कारण तो जुना चौकोन अद्याप पुसला गेलेला नाही.

या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे की, साधनांतून मिळालेला वारसा सरसकट पूज्य मानू नये आणि सरसकट टाकूही नये. संथ तारेने दिलेले ते व्याकरण तार गेल्यावरही उपयोगी आहे, ते ठेवावे. समान चौकोन ही त्या यंत्राची मर्यादा होती, लेखनाचा नियम नव्हे. तो आपल्या लिपीवर लादला जाऊ नये. मात्र कोणते काय, हे ठरविण्यासाठी ‘हे असे का?’ असे विचारावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या शाळेने तर हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना अवश्य लावावी. कारण आपली भाषा यंत्रात नीट बसते की नाही, याची काळजी आपल्यावाचून दुसरे कोण वाहणार?