पत्ता बदलताना

बिऱ्हाड हलविले की पोस्टमनला आधी सांगावे लागते. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीने इंटरनेटची कंपनी बदलली, तेव्हा हे कुणाच्या ध्यानीच आले नाही. सर्व्हरचा आयपी पत्ता नवा झाला. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमध्ये मात्र जुनाच राहिला. दुपारी नोंद सुधारली, पण तिची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस! आणि तो प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस. खेड्यांतली पोरे मोबाईलवर बोटे झिजवीत बसली. चूक आमचीच, माझीही. ही मुदत निदान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणायची. मग पत्ता, गेटवे आणि नोंद बदलायची. जुनी जोडणी लगेच तोडायची नाही, बरे का! प्राचार्यांनी दोन दिवस वाढवून दिले, तोवर काहींनी नाद सोडला होता.