रोग जन्माचा, मृत्यू विषमतेचा



आज मी ज्या रोगाविषयी बोलणार आहे, त्याचे नाव घरात उच्चारण्यासही पुरुष संकोच करतात. तो म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. मूत्राशयाच्या खाली असणारी ही लहानशी ग्रंथी केवळ पुरुषाच्या शरीरात असते. हा रोग सर्व मानवजातीत आढळतो. परंतु आफ्रिकी वंशाच्या पुरुषांवर त्याचा घाला विशेष आहे. अमेरिकेत दर ८ पुरुषांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण ६ जणांत एक असे आहे. या रोगाने मृत्यू येण्याचे त्यांचे प्रमाण तर गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे.

असे का व्हावे? याचे एक उत्तर फार जुने आहे. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील आकडेतज्ज्ञाने ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, कृष्णवर्णीयांत मृत्यू अधिक होतात याचे कारण त्यांच्या वंशातच आहे. म्हणजे ज्यांनी त्यांना गुलाम केले, कोंदट वस्तीत डांबले, ते सारे निर्दोष ठरले! या मताचे खंडन डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९०६ साली केले. राहणीची परिस्थिती पालटली की मृत्यूचे प्रमाणही पालटते, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले, तेच हे डुबॉईस.

आजचे शास्त्र काय सांगते? जन्माचा काही भाग आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आठव्या गुणसूत्राच्या एका भागातील काही फेरफारांनी या रोगाचा धोका वाढतो आणि ते आफ्रिकी वंशात अधिक आढळतात. परंतु रोग होणे ही एक गोष्ट, रोगाने मरणे ही दुसरी. २०१९ साली अमेरिकेत तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत सर्वांना सारखे उपचार मिळतात. तेथे व औषधांच्या नियंत्रित प्रयोगांत, सारख्या अवस्थेतील कृष्णवर्णीय रुग्ण या रोगाने गोऱ्यांपेक्षा अधिक संख्येने मेले नाहीत. जेथे दार सर्वांना सारखे उघडे, तेथे मृत्यूने वर्ण पाहिला नाही.

मग ते वेळीच दवाखान्यात का जात नाहीत, असे कोणी विचारील. त्याने अलाबामातील टस्कीगीचा इतिहास वाचावा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना रोग बळावत असता नुसते पाहत ठेवले. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. राष्ट्राध्यक्षांनी १९९७ साली क्षमा मागितली. अशा अनुभवातून उपजलेल्या अविश्वासाला अज्ञान म्हणणे हा दुसरा अन्याय होय.

तिसरी गोष्ट नियमांची. पी.एस.ए. या रक्ततपासणीने हा रोग लवकर ओळखता येतो. २०१२ साली अमेरिकेतील शासकीय तज्ज्ञमंडळाने सर्वच पुरुषांना ही तपासणी करू नये असा सल्ला दिला. त्या सल्ल्यास आधारभूत असलेल्या अमेरिकी प्रयोगात कृष्णवर्णीय पुरुष शेकडा पाचही नव्हते. ज्यांची गणतीच झाली नाही, त्यांनाही नियम मात्र लागू झाला. २०१८ साली तो सल्ला बदलावा लागला.

आता संकोचाविषयी. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये या रोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांपासूनही लपविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीरपणे चूक मान्य केली आणि इतर पुरुषांना तपासणी करून घेण्याविषयी सांगितले. एवढ्या अधिकाराचा पुरुष जिथे गप्प राहतो, तिथे मजुराची काय कथा!

२०२४ सालीच तेथील प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने कृष्णवर्णीय पुरुषांनी ४० ते ४५ या वयात पहिली तपासणी करावी, अशी शिफारस केली. ही तपासणी निर्णायक नव्हे. पुढील उपचारांचे दुष्परिणामही असतात. म्हणून निर्णय डॉक्टरांशी बोलूनच करावयाचा. परंतु बोलावयाचे तर घरात आधी बोलले पाहिजे. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल तर धोका वाढतो. ही गोष्ट मुलापासून लपविणे म्हणजे त्याला निःशस्त्र करणे होय. मातांनी व पत्नींनीही हा विषय काढण्यास लाजू नये.

वंशाला दोष देऊन रुग्णालयाचे दार बंद ठेवणाऱ्यांना जाब विचारावा, आणि दार उघडताच स्वतः आत जावे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी करावयाची आहेत.