अरण्याची बेटे आणि सीमाभाग



खानापूर तालुक्यातील तळेवाडी हे गाव बेळगाव-निपाणीकडील पुष्कळांनी पाहिलेले नसेल. परंतु जगातील प्राणिशास्त्रज्ञांना त्याचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. या गावाजवळील बारापेडे गुहेत सापडलेल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली प्रसिद्ध केले आणि त्याला रॉटन या माजी वनाधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही आढळल्याची नोंद नव्हती. त्यानंतर तो कंबोडियात आणि मेघालयात मिळाला. मधल्या काळात मात्र एका संपूर्ण जातीचे ज्ञात घर म्हणजे खानापूरच्या रानातील एक गुहा, अशी स्थिती होती.

अशा प्राण्याचे रक्षण करावयाचे तर गुहेच्या तोंडाशी पहारा बसवावा, असे सहज सुचते. परंतु हे वटवाघूळ कीटकांवर जगते आणि रात्री बाहेर पडून रानावर संचार करते. रान विरळ झाले, तर गुहा सुरक्षित राहूनही तिच्यातील रहिवासी उपाशी राहावयाचा. वन्यजीवरक्षणाचा एक मूलभूत प्रश्न या लहानशा उदाहरणात सामावलेला आहे.

मॅकआर्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६७ साली समुद्रातील बेटांविषयी एक सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या तेथे टिकणाऱ्या जाती कमी, असा त्याचा आशय. कालांतराने तोच विचार जमिनीवरील अरण्यांना लावण्यात आला. सभोवती शेते, रस्ते, धरणे आणि वस्त्या पसरल्या की अरण्याचा तुकडाही बेटच होतो. त्यातील मोजक्या प्राण्यांचे संबंध आपसांतच होत राहतात, रक्त नवे मिळत नाही आणि एखादी साथ किंवा एखादा वणवा सगळ्यांना एकदम गाठतो. साथीचा हा धोका बेळगावकरांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जवळून पाहिला. भुतरामनहट्टी येथील प्राणिसंग्रहालयात काही दिवसांच्या आत तीसहून अधिक काळवीट दगावले. प्राणिसंग्रहालय आणि अरण्य यांत अंतर आहे हे खरे; तथापि कोंडलेला लहान कळप किती लवकर नाहीसा होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात संरक्षित अरण्यांची वाण नाही. उत्तरेस कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्याच्या खाली राधानगरी, म्हणजेच दाजीपूर, हे १९५८ सालचे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य. पुढे २०२० साली घोषित झालेले तिलारीचे संवर्धन राखीव क्षेत्र. गोव्यात १९९९ सालचे म्हादई. खानापुरात २०११ साली घोषित झालेले सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड. आणि दक्षिणेस दांडेलीकडील काळी व्याघ्र प्रकल्प. नकाशात ही नावे एका माळेतील मण्यांसारखी दिसतात. माळेचा दोरा मात्र आजरा, भुदरगड, चंदगड, दोडामार्ग आणि खानापूर येथील शेतांमधून, काजूच्या बागांमधून आणि खासगी मालकीच्या रानांतून गेलेला आहे. तो अभयारण्याच्या कोणत्याही अधिसूचनेत बसत नाही, आणि नेमका तोच ठिकठिकाणी तुटत चालला आहे.

तो किती तुटला आहे, हे वाघाच्या चालीवरून समजते. तरुण नर वाघ आईपासून वेगळा झाला की दूरवर भटकतो. मादी सहसा आईच्या क्षेत्राजवळच आपले घर करते. त्यामुळे तुटक रानांतून, रात्रीच्या अंधाराचा आधार घेत सह्याद्री प्रकल्पापर्यंत जे वाघ येऊन पोहोचले, ते नर. त्यांची छायाचित्रे कॅमेऱ्यांनी टिपली. परंतु मादीवाचून वंश वाढणार कसा? अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून, ताडोबातून, एक वाघीण वाहनाने चांदोलीत आणावी लागली. हा उपाय धाडसी आहे, त्याला यश यावे अशीच इच्छा कोणीही करील. पण दक्षिणेस काळीच्या जंगलात वाघिणी असताना विदर्भातून एक वाघीण आणावी लागते, याचा अर्थ मधली वाट मादीला आणि बछड्यांना राहण्याजोगी उरलेली नाही, असाच होतो. गाडीतून एक पिढी आणता येईल; दर पिढी अशी आणीत राहणे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही.

हत्तींची कथा याच्या उलट. ते २००२ साली कर्नाटकातील जंगलातून चंदगड तालुक्यात उतरले आणि पुढे तिलारीमार्गे दोडामार्गात गेले. तेथील भात, नारळ, केळी आणि काजू यांची त्यांना गोडी लागली. सिंधुदुर्गातील तीन हत्ती २०१५ साली पकडण्यात आले. तरी प्रश्न मिटला नाही. ओंकार या नावाने ओळखला जाणारा हत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या पेडणे तालुक्यात पोहोचला. सीमा हा शब्द या भागात १९५६ पासून किती हळवा आहे, हे येथे निराळे सांगावयास नको. हत्तीला मात्र त्याचे सोयरसुतक नाही. त्याच्या मागे लागणारी वनखाती तीन, नियम तीन आणि नुकसानभरपाईचे दरही निरनिराळे. एका रात्रीत एकच कळप दोन राज्यांतील पिके तुडवू शकतो, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या हाती पडणारी रक्कम सारखी नसते.

येथेच या विषयातील अवघड जागा येते. मधली वाट टिकवावयाची, तर ती ज्यांच्या मालकीची आहे त्या शेतकऱ्याला ती टिकवणे परवडले पाहिजे. म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. गुरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु मेलेल्या म्हशीची भरपाई वेळेवर न मिळणे हे वाघाच्या मृत्यूचे एक कारण ठरू शकते, हे ध्यानात घेतलेच पाहिजे. भरपाई पंधरवड्यात, पंचनाम्याच्या फेऱ्यांवाचून आणि तिन्ही राज्यांत एकाच दराने मिळाली, तर त्याचा उपयोग अनेक फलकांहून आणि सप्ताहांहून अधिक होईल.

भीमगडमधील मराठीभाषक खेड्यांचा प्रश्नही यातलाच. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून डोलीतून आणावे लागते, अशी तेथील स्थिती आहे. तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्थलांतरासाठी २०२५ साली मदतीचा पहिला हप्ता देण्यात आला. प्रत्येक कुटुंबास एकूण १५ लाख रुपयांची ही योजना. जे स्वखुशीने बाहेर येऊ इच्छितात त्यांना अडवू नये. मात्र ज्यांना राहावयाचे आहे, त्यांची वाट आणि औषध तोडून त्यांची संमती मिळवणे हा संवर्धनाचा मार्ग म्हणता येणार नाही. शिवाय मोजमाप करावयाचेच, तर रानाच्या पोटातील पाचपंचवीस चुली आणि रानाला आरपार चिरणारा रस्ता यांत अधिक नुकसान कशाने होते, हेही मोजावे.

रस्त्यांची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. निपाणीहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट ओलांडून देवगडला जाणारा मार्ग निपाणीकरांच्या नित्य परिचयाचा. तो गव्यांच्या रानातूनच जातो. तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ सालीच बंदी घातली. तरीही डोंगरउतारांवरील जुने मिश्र रान जाऊन त्या जागी रबराची लागवड झालेली तेथे दिसते. दुरून ती हिरवीच दिसते. गव्याला तिच्यात चारा नाही आणि धनेशाला घरट्यासाठी ढोली नाही.

वाट तुटली म्हणजे जनावर चालावयाचे थांबते, असेही नाही. ते भलतीकडे चालू लागते. बेळगाव शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्या दिसला आणि गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. परिसरातील २२ शाळांना सुटी द्यावी लागली. सापळे लागले, कॅमेरे बसले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले. शोध सुमारे महिनाभर चालला. बिबट्या कोणाच्याही हाती लागला नाही. तो ज्या वाटेने आला, त्याच एखाद्या ओढ्याच्या नाहीतर उसाच्या आडोशाने निघून गेला असावा.