बागेखालचं वावर



अमरावती काय अन् अकोला काय, कितीतरी कॉलन्या पऱ्हाटीच्या वावरांवर उभ्या राहिल्या. मोठं वावर अकृषक करून लेआउट पाडताना साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तीच आपली बाग. एकर म्हणजे 40 गुंठे. त्यातले उरले 4.

सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो, पण तो बहुधा कोराच. ‘विहिरीचं वावर’, ‘निंबाचं वावर’ ही नावं आता घरातल्या म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरली आहेत. त्यांना विचारून घ्या आणि बागेच्या फलकावर ते नाव लिहा. जिची ओळख साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे, त्या जागेवर अतिक्रमण करताना माणूस दहादा विचार करतो.