स्वस्त रुग्णालय कोणी ठरवायचे?



खालापूर-खोपोलीच्या कारखान्यांत आजारपणाच्या दोन वाटा आहेत. जानेवारी २०१७ पासून ठरलेल्या २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेतला कामगार राज्य विमा योजनेत. त्यावरचा, मालकाने काढला असेल तर, गट विम्यात. या दुसऱ्या वाटेवर विमा कंपनीची यादी असते: यातल्या रुग्णालयांत गेलात तर रोख भरायला नको, बाहेर गेलात तर बहुधा आधी स्वतःच्या खिशातून भरा.

चार सरकारी विमा कंपन्यांनी जुलै २०१० मध्ये मुंबईसह चार महानगरांत ठरीव दर मानणाऱ्या रुग्णालयांपुरतीच रोकडविरहित सोय ठेवली, तेव्हा बड्या रुग्णालयांनी मोठी ओरड केली. त्यात कामगारद्रोह शोधण्याचे कारण नाही. मनमानी बिलांना वेसण घालणे हे खरे तर आपलेच काम. ते विमा कंपन्यांनी केले, एवढेच.

खोट निराळीच आहे. यादीमागे दराचा हिशेब असतो. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांना जंतुसंसर्ग झाला, किती दगावले, हे कामगाराला कोण सांगते? २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी महाराष्ट्रात दरपत्रक लावणे बंधनकारक झाले, तेही दरांपुरतेच. शिवाय कर्जतच्या वाडीतून येणाऱ्याला पनवेल गाठायचे तर भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी पदरची. विमा कंपनीच्या वहीत हा खर्च चढत नाही.

राज्य विमा महामंडळावर १९४८ च्या कायद्याने कामगारांचे प्रतिनिधी आले. गट विम्याच्या यादीवरही कामगारांची संमती हवी, हे कलम युनियनांनी पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात घालावे.