न्यूयॉर्कमधला पिझ्झाचा तुकडा

न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा तुकड्याने विकत घेऊन उभ्याउभ्या खाण्याची रीत जुनी आहे. १९०५ साली सुरू झालेले ‘लोम्बार्डीज’ हे अमेरिकेतले पहिले पिझ्झा-दुकान मानले जाते; तिथे पिझ्झा कोळशाच्या भट्टीत भाजला जाई. पुढे गॅसच्या भट्ट्या आल्या. त्यांची आच तुलनेने सौम्य असल्याने पिझ्झा सावकाश भाजतो, तळ कोरडा होतो आणि तुकडा पुन्हा गरम केला तरी कुरकुरीत राहतो. सुट्या तुकड्यांचा धंदा वाढला तो या भट्ट्यांमुळेच.

साधारण १८ इंची पिझ्झ्याचे आठ तुकडे होतात. चांगला तुकडा मधोमध दुमडला की टोक लोंबत नाही, तळावर तपकिरी डाग दिसतात आणि टोमॅटोची आंबट-गोड चव चीजखाली दडपत नाही. पारख साध्या चीजच्या तुकड्यावरच करावी. वर पसरलेल्या पदार्थांखाली बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. गर्दीचे दुकान बरे, कारण तिथे तुकडे काचेआड ताटकळत पडत नाहीत.

ग्रीनिच व्हिलेजमधले ‘जोज’ १९७५पासून असा साधा तुकडा विकते. ब्रुकलिनमधल्या ‘डी फारा’चे संस्थापक डोमेनिको डीमार्को वृद्धापकाळातही स्वतः पिझ्झा करत आणि तुळशीच्या जातीची बेझिलची पाने कात्रीने वर कातरत. तिथली रांग अर्थातच लांब असे. ब्रुकलिनमध्येच ‘एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स’मध्ये जाड, चौकोनी सिसिलियन तुकडा मिळतो, त्यात चीज खाली आणि टोमॅटोचा रस्सा वर असतो.