न दिसणाऱ्या डिस्क

श्रोतेहो, चार हार्ड डिस्क एका पेटीत बसवून ती संगणकास जोडावी आणि संगणकाने तिची दखलही घेऊ नये, हा अनुभव आपणांपैकी काहींस आला असेल. अशा वेळी डिस्क निकामी झाल्या असे मानण्याची घाई होते. वस्तुतः चारही एकदम बिघडणे फार विरळा.

प्रथम वीज पाहावी. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि फिरू लागतानाच ती सर्वाधिक वीज ओढते. अडॅप्टर क्षीण झाला असल्यास पेटीचा दिवा लागतो, पण तबकड्या फिरत नाहीत. कान लावून ऐकावे. मग केबल बदलावी.

पेटी ई-साटा केबलने जोडली असेल, तर खरी मेख निराळीच. एका केबलवर चार डिस्क चालवण्यासाठी पेटीत पोर्ट मल्टिप्लायर असतो. तो ओळखण्याची सोय संगणकाच्या कंट्रोलरमध्येही असावी लागते, आणि पुष्कळ मदरबोर्डांवर ती नसते. मग पहिली डिस्क तेवढी दिसते, किंवा एकही नाही. तीच पेटी यूएसबीने जोडताच चारही दिसल्या, तर कंट्रोलर कार्ड नवे घ्यावे. पेटीला बोल लावू नये.

मात्र डिस्क दिसूनही विंडोज ती 'इनिशियलाइझ' करू का असे विचारील, तर होकार देऊ नये. पेटीमागील रेड-पद्धतीचा खटकाही फिरवू नये. पुष्कळ पेट्यांत तेवढ्याने घरातील साऱ्या वर्षांची छायाचित्रे नाहीशी होतात. डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर तिच्या कप्प्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा.